मेटिऑर ३५० की अ‍ॅव्हेंजर क्रूझ २२०: फक्त ब्रेकच्या हिशोबाने कोणती?

घाटवाट

नमस्कार मंडळी. रॉयल एनफील्डची मेटिऑर ३५० आणि बजाजची अ‍ॅव्हेंजर क्रूझ २२० या दोघींवर येऊन निर्णय अडलाय. इंजिन, मायलेज, किंमत बाजूला ठेवू, फक्त ब्रेकचं बोला. वापर म्हणजे रोज साताऱ्याच्या आसपास हायवे आणि गावातला रस्ता, शिवाय महिन्यातून एक-दोनदा डबलसीट पसरणी किंवा वरंधा घाट. पावसाळ्यातही गाडी बंद राहणार नाही.

कागदावर मेटिऑरला पुढे ३०० मिमी डिस्क, मागे २७० मिमी डिस्क, ड्युअल चॅनल एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, इथे दोन्ही चाकांना) आणि वजन १९१ किलो. अ‍ॅव्हेंजरला पुढे २८० मिमी डिस्क, मागे १३० मिमी ड्रम, सिंगल चॅनल एबीएस आणि वजन १६३ किलो.

पुढच्या डिस्कमधल्या २० मिमीने खरंच फरक पडतो का? २८ किलो हलकी गाडी लवकर थांबायला हवी ना? आणि मागे ड्रम आहे म्हणून सरळ काट मारायची का?

बारातेराचा पाना

पहिल्या दोन प्रश्नांपुरतं बोलतो.

डिस्क किती मोठी हे एकटं बघून काही कळत नाही. डिस्क चाकाला धरून ठेवते आणि टायर रस्त्याला, त्यामुळे डिस्कची त्रिज्या टायरच्या त्रिज्येच्या किती पट आहे ते काढा. मेटिऑरचा पुढचा टायर १००/९०-१९. रिमची अर्धी उंची २४१ मिमी आणि टायरची भिंत ९० मिमी, म्हणजे त्रिज्या ३३१. डिस्कची १५०. भागाकार ०.४५. अ‍ॅव्हेंजरचा टायर ९०/९०-१७, त्रिज्या २१६ अधिक ८१ म्हणजे २९७. डिस्कची १४०. भागाकार ०.४७. म्हणजे लहान डिस्क असूनही चाक लहान असल्यामुळे अ‍ॅव्हेंजरची पकड किंचित जास्तच भरते. शोरूममध्ये ‘आमची डिस्क मोठी’ म्हणून कोणी छाती फुगवली तर हा हिशोब पुढे ठेवा. पॅडचा मसाला, कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनचा व्यास आणि मास्टर सिलिंडर (लिव्हरच्या जोराने ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) हे यापुढचे घटक. लिव्हर हलका की जड लागतो ते तिथून ठरतं.

वजनाचं म्हणाल तर ७५ किलोचा चालक आणि मागे ६० किलो धरले की मेटिऑर ३२६ आणि अ‍ॅव्हेंजर २९८ किलो. फरक ९ टक्क्यांच्या आसपास उरतो. पण जोरात ब्रेक मारल्यावर मर्यादा येते ती टायरच्या पकडीची. जड गाडी टायरला तितकंच जास्त दाबतेही, त्यामुळे नुसत्या वजनाने थांबायचं अंतर फारसं बदलत नाही. वजनाचा त्रास होतो तो घाट उतरताना, कारण तेवढी जास्त उष्णता ब्रेकला पचवावी लागते.

अंतराचा अंदाज हवा असेल तर ६० च्या वेगात कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट वापरले तर साधारण १८ मीटर. ओल्या रस्त्यावर पकड घटली की २८ मीटर. फक्त मागचा ब्रेक दाबणाऱ्याला कोरड्यातही ४५-४७ मीटर लागतात. आणि डोळ्यांना दिसल्यापासून बोट लिव्हरवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर १७ मीटर त्यातच संपले. दोन गाड्यांमधला फरक यापुढे किरकोळ आहे.

लायनर

पानासाहेबांचा पुढच्या चाकाचा हिशोब मान्य. खरा फरक मागच्या चाकात आहे, आणि क्रूझरला मागचं चाक स्पोर्ट्स बाइकपेक्षा जास्त कामाचं असतं.

लांब व्हीलबेस (दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर) आणि खाली बसलेली सीट यामुळे ब्रेक मारल्यावर वजन पुढे कमी सरकतं. उभ्या गाडीत निम्म्याहून थोडं जास्त वजन मागच्या चाकावर असतं. कोरड्या रस्त्यावर कचकचून ब्रेक मारला तर ते पाचव्या हिश्शावर येतं. ओल्या रस्त्यावर मुळात तितका जोर लावताच येत नाही, त्यामुळे तिथे मागच्या चाकावर तिसऱ्या हिश्शाहून जास्त वजन राहतं. डबलसीट असेल तर आणखी. म्हणजे पावसात आणि डबलसीट, तुमच्या नेमक्या वापरात, मागच्या ब्रेकला करायला भरपूर काम आहे.

अ‍ॅव्हेंजरला सिंगल चॅनल, म्हणजे एबीएस फक्त पुढच्या चाकाला. घाबरून पाय दाबला की मागचं चाक लॉक होतं आणि गाडी मागून घसरते. व्हीलबेस १४९० मिमी असल्यामुळे ती छोट्या गाडीइतकी पटकन आडवी होत नाही, पण रस्त्यावरच्या रंगाच्या ओल्या पट्ट्यावर किंवा उसाच्या ट्रॉलीतून सांडलेल्या पाचटावर तेवढंही पुरतं. सवय अशी ठेवावी लागते की पाय आधी हलका, हात हळूहळू वाढवत न्यायचा, आणि हाताचा जोर वाढला की पायाचा कमी करायचा. आणीबाणीत ही अक्कल किती जणांना सुचते? म्हणून ड्युअल चॅनल.

ड्रम मात्र उगाच बदनाम झालाय. रोजच्या वापराला १३० मिमीचा ड्रम पुरतो, पण तो सेट ठेवावा लागतो. पायाच्या ब्रेकचा फ्री प्ले (ब्रेक लागायला लागेपर्यंत पेडलची मोकळी हालचाल) २० ते ३० मिमी. रॉडच्या टोकाचा नट अर्धा-अर्धा फेरा फिरवा, नटाची खाच पिनवर नीट बसू द्या, मग चाक उचलून हाताने फिरवा. घासल्याचा आवाज आला तर अर्धा फेरा मागे. ब्रेक पूर्ण दाबल्यावर कॅमचा (आत शू फाकवणाऱ्या तुकड्याचा) आर्म आणि रॉड यांच्यातला कोन ९० अंशांपुढे जात असेल तर लायनर, म्हणजे शूवरचं घासणारं अस्तर, संपत आलंय. नट आवळत राहू नका, शू बदला. शू काढलेच आहेत तर कॅमला कणभर ग्रीस लावा. जास्त लावलं तर तेच गरम होऊन लायनरवर येतं.

घाटात ड्रमची उष्णता आत कोंडते, ड्रम फुगून शूपासून लांब जातो, आणि त्याच दाबाला पाय जास्त खाली जाऊ लागतो. खोल पाण्यातून गेल्यावर पाणी आत अडकतं ते लवकर वाळत नाही. बाहेर पडल्यावर हलका ब्रेक धरून थोडं चालवा.

घाटवाट

दोघांचे आभार. म्हणजे अ‍ॅव्हेंजर घेऊन मागे डिस्क बसवून घेतली तर? एक गॅरेजवाला करून देतो म्हणतोय.

बारातेराचा पाना

नको. हब, कॅलिपरचं ब्रॅकेट, मास्टर सिलिंडर, पेडलची जोडणी, सगळं जुगाडावर येतं. ब्रॅकेटचं वेल्डिंग सुटलं तर कॅलिपर चाकात अडकतो. एवढं करून एबीएस मागे येतच नाही, उलट डिस्कमुळे चाक आणखी सहज लॉक होतं. अपघात झाला तर विम्यावाल्यांना बोट ठेवायला जागा मिळते ती वेगळीच. त्यापेक्षा चांगले टायर आणि वेळेवर बदललेले शू.

लायनर

अनुमोदन. आता टेस्ट राइड. गाडी किमान १० मिनिटं चालवा, थंड पॅडवर मत बनवू नका. आधी हवा तपासा, डेमो गाड्यांची बहुतेक वेळा कमी-जास्त असते. मोकळा सरळ रस्ता आणि मागे कोणी नाही हे बघून ४० वर या, विजेच्या खांबाची खूण धरून फक्त पुढचा ब्रेक दोन बोटांनी लावा. मग फक्त मागचा, मग दोन्ही. प्रत्येक वेळी कुठे थांबलात ते पावलांनी मोजा. दोन्ही गाड्यांना तोच खांब, तोच वेग. स्पीडोमीटर थोडा वाढवून दाखवतो, त्यामुळे मोबाइलच्या जीपीएसवर वेग ताडून घ्या.

मागचा एबीएस बघायचा तर मेटिऑरवर २०-२५ च्या वेगात, सरळ रेषेत, बारीक खडीवर फक्त पाय दाबा. पेडलखाली कटकट धडधड लागली पाहिजे. अ‍ॅव्हेंजरवर हा प्रयोग नको. इग्निशन लावल्यावर एबीएसचा दिवा पेटून गाडी हलल्यावर विझतो, तो पेटलेलाच राहिला तर ती गाडी परत करा.

पायाची ठेवणही बघा. क्रूझरला पाय पुढे असतो, फूटपेगवरून उचलून पेडलवर न्यावा लागला तर सेकंदाचा तुकडा जातो. टाच टेकलेली राहून चवड्याने ब्रेक दबला पाहिजे. पावसाळी गमबूट घालणार असाल तर त्याच बुटात बसून बघा.

गाडी कोणतीही घ्या, नव्या पॅडचा डिस्कशी जम आधी बसवून घ्या. ५० वरून १० पर्यंत मध्यम जोराने १०-१५ वेळा, पूर्ण न थांबता, मध्ये गार होऊ देत. ब्रेक ऑइल डॉट ४ दर्जाचं, दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतली ओल शोषतं. नव्याचा उकळबिंदू किमान २३० अंश, ओल धरलेल्याचा १५५ पर्यंत येतो, आणि ऑइल उकळलं की लिव्हर सरळ हँडलला टेकतो. पसरणी उतरताना दुसरा-तिसरा गिअर ठेवा, ब्रेक धरून बसू नका. चेनला स्प्रे मारताना मेटिऑरची मागची डिस्क फडक्याने झाका. एकदा तेल पॅडमध्ये मुरलं की घासून काही होत नाही, पॅड बदलावेच लागतात.

तुमच्या वापराला माझं मत मेटिऑरला, आणि ते मागच्या चाकासाठी. पण वळणात गाडी झुकलेली असताना साधा एबीएस भरवशाचा नाही, आणि या दोन्हींत साधाच आहे. ब्रेक वळणाच्या आधी.

घाटवाट

रविवारी दोन्ही शोरूम गाठतो. गमबूट घेऊन.