उंदराने सोबत्याची जीभ ओढली, तर त्याला 'प्रथमोपचार' म्हणायचं का?

रानवाट (धागाकर्ती)

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात उंदरांवरचं एक संशोधन आलं. ते वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये.

सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी एका उंदराला भूल दिली आणि त्याच्या सोबत्यासमोर ठेवलं. सोबती आधी हुंगतो, मग अंग चाटतो. पडलेला हलत नाही असं दिसलं की मोर्चा तोंडाकडे वळतो. तोंड चाटणं, चावणं, आणि निम्म्याहून जास्त वेळा चक्क दातांत धरून जीभ बाहेर ओढणं. जीभ बाहेर आली की श्वासाची वाट रुंदावते. संशोधकांनी भूल दिलेल्या उंदराच्या तोंडात प्लास्टिकचा छोटा गोळा ठेवून पाहिला, तर सोबत्यांनी ८०% वेळा तो काढून टाकला. ज्यांच्यावर अशी खटपट झाली ते इतरांपेक्षा लवकर शुद्धीवर आले. आणि पडलेला हालचाल करू लागला की सोबती थांबतो!

यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. याआधी बेशुद्ध सोबतीही त्यांनी पाहिलेला नव्हता.

बातम्यांत सगळीकडे 'उंदरांचा प्रथमोपचार' असा मथळा होता. त्यावर लगेच आक्षेप आला, की हा माणसाचा शब्द प्राण्याला चिकटवणं झालं. माझं मत उलटं आहे. हीच कृती याच क्रमाने एखाद्या लहान मुलाने केली असती तर आपण दुसरा शब्द शोधत बसलो असतो का? मग उंदरासाठीच का?

सूक्ष्मदर्शी

असहमत, आणि मनापासून असहमत. तो निबंध बघा. त्याच्या शीर्षकातच 'पुनरुज्जीवनासारखं' वर्तन असं म्हटलंय. त्यातलं 'सारखं' मथळ्यात येईपर्यंत गळून पडलं. त्याच शीर्षकात 'बेशुद्ध किंवा मृत' असेही शब्द आहेत. म्हणजे मेलेल्या सोबत्यासमोरही उंदीर हेच करतात. मग 'हा शुद्धीवर यावा' हा हेतू कुठून आला?

सरळ स्पष्टीकरण असं आहे: ओळखीचा सोबती विचित्र पडलाय, हलत नाही. उंदीर अस्वस्थ होतो, आणि अस्वस्थ उंदीर चाटतो. प्रतिसाद मिळत नाही तसा जोर वाढत जातो आणि चाटण्याचं चावणं होतं. तोंड मऊ आणि ओलं, जीभ दातात सापडते. परिणाम उपयोगी झाला, म्हणून हेतू होता असं सिद्ध होत नाही.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लॉइड मॉर्गन यांनी १८९४ मध्येच नियम घालून दिला होता, की साध्या प्रक्रियेने भागत असेल तर प्राण्याच्या वागण्यामागे वरच्या पातळीची बुद्धी मानू नये. या नियमाची गरज का पडते ते बर्लिनच्या हान्स घोड्याने दाखवलं. तो टाप आपटून गणितं सोडवायचा, भले भले भुलले. १९०७ मध्ये मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं की घोडा प्रश्न विचारणाऱ्याच्या मानेच्या आणि चेहऱ्याच्या बारीक हालचाली टिपतो. विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर माहीत नसेल तर घोडाही चुकायचा.

पागोळी

सूक्ष्मदर्शी, हान्सचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं असं नाही वाटत? माणसाची मान केसभर हलली तरी टिपणारा प्राणी! हे कौशल्य गणितापेक्षा कमी कसं?

पण मला सांगायचंय ते राकुसबद्दल. सुमात्रातल्या गुनुंग लेउसर राष्ट्रीय उद्यानात सुआक बालिंबिंग नावाचं संशोधनक्षेत्र आहे, तिथला हा नर ओरांगउटान. जून २०२२ मध्ये त्याच्या उजव्या डोळ्याखाली मोठी जखम दिसली, बहुतेक दुसऱ्या नराशी मारामारी झाली असावी. तीन दिवसांनी तो एका वेलीची पानं खायला लागला. तिला तिकडे 'अकार कुनिंग' म्हणतात, पारंपरिक औषधांत ती वापरतात. थोड्या वेळाने त्याने पानं चावली पण गिळली नाहीत. बोटाने तोंडातला रस घ्यायचा आणि थेट जखमेवर लावायचा, असं सलग सात मिनिटं. जखमेवर माश्या बसायला लागल्या तेव्हा चावलेल्या पानांचा लगदा त्याने सगळ्या जखमेवर थापला. पाच दिवसांत जखम मिटली होती.

बाकी अंगाला कुठेच रस लावला नाही, फक्त जखमेवर. इतकी वर्षं तिथे निरीक्षण चाललंय, आणि ओरांगउटानांच्या खाण्याच्या नोंदींत ही वेल जेमतेम ०.३% वेळा आढळते. याला मी औषध लावणं म्हणणार. दुसरं काही म्हणणं मला जमतच नाही.

सूक्ष्मदर्शी

राकुसची नोंद सुंदर आहे, वाद नाही. पण एक प्राणी आणि एक घटना. २०२४ मध्ये ती प्रसिद्ध करताना संशोधकांनी स्वतःच शक्यता मांडली होती, की पानं खाताना बोट चुकून जखमेला लागलं असेल, रसाने दुखणं कमी झालं असेल आणि म्हणून त्याने पुन्हा लावलं असेल. अर्थात असं शिकणं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे, ते मी मान्य करतो.

वारूळ

माझा प्रश्न दोन्ही बाजूंना आहे. मुंग्यांचं काय करणार?

फ्लोरिडातल्या एका सुतार मुंगीवरचा अभ्यास २०२४ मध्ये आला, जर्मनीतल्या वुर्झबर्ग विद्यापीठाच्या एरिक फ्रांक यांच्या गटाचा. पायाला जखम झालेल्या मुंगीला घरच्या मुंग्या आधी चाटतात. जखम मांडीला असेल तर चाटत चाटत वर सरकतात आणि पाय मुळापासून चावून तोडतात. कधी चाळीस मिनिटं, कधी त्याहून जास्त. जखमी मुंगी पाय पुढे करून थांबते, सोडवून घेत नाही. अशा मुंग्या वाचण्याचं प्रमाण ४०% च्या आतून ९०% च्या वर जातं.

आता ऐका. जखम नडगीला असेल तर मुंग्या पाय तोडत नाहीत, फक्त खूप वेळ चाटतात. तेवढ्यानेही वाचणाऱ्यांचं प्रमाण १५% वरून ७५% च्या आसपास येतं. असं का? मांडीत रक्तद्रव पुढे ढकलणारे स्नायू असतात. ते दुखावले की प्रवाह मंदावतो, जंतू अंगभर पसरायला वेळ लागतो, पाय तोडायला सवड मिळते. नडगीत हे स्नायू फारसे नसतात. तिथून संसर्ग भरभर वर चढतो आणि तोडकाम पूर्ण होईपर्यंत उशीर झालेला असतो.

म्हणजे कोणती जखम तोडायची आणि कोणती नाही, हा निवाडा मुंगी बरोबर करते. तो तिला जन्मतःच अवगत आहे, कुणी शिकवत नाही. रानवाट, तुमच्या न्यायाने ही शस्त्रक्रियाच म्हणायची. म्हणाल?

रानवाट

वारूळ, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ थांबले.

प्रामाणिकपणे सांगते, मुंगीला 'शल्यविशारद' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण 'पाय तोडून जीव वाचवला' हे वाक्य मात्र मी बिनदिक्कत लिहीन, कारण तेवढं घडलंय. कदाचित माझा हट्ट कृतीच्या शब्दासाठी आहे, पदवीसाठी नाही.

उंदरांकडे परत येते. त्यांच्या मेंदूत ऑक्सिटोसिन (जवळीकीशी जोडलेलं संप्रेरक) सोडणाऱ्या पेशी यात भाग घेतात, आणि ते रोखलं की हे वागणं कमी होतं. सूक्ष्मदर्शी म्हणतील, बघा, रसायन आहे. अहो, पण बाळाला जवळ घेणाऱ्या आईच्या मेंदूतही हेच रसायन असतं. तिथे आपण माया हा शब्द मागे घेत नाही.

तिठा

मी काही वर्षं एका प्रयोगशाळेत उंदरांची देखभाल केली आहे. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, भुलीतून बाहेर येईपर्यंत लक्ष ठेवणं. भुलीनंतर उंदराला उबेला एकटं ठेवायचं आणि पूर्ण हिंडूफिरू लागल्यावरच पिंजऱ्यात सोडायचं, हा आमचा नियम. कारण असं सांगायचे की बाकीचे त्याला चावतील, इजा करतील.

हा निबंध वाचल्यावर तो नियम आठवला. नियम चुकीचा होता असं म्हणत नाही, उंदीर खरोखर इजा करूही शकतात. पण एकदा गडबडीत अर्धवट भुलीतला उंदीर आत गेला. दुसरा त्याच्या तोंडाशी चावतोय हे पाहून मी घाईने त्याला बाजूला केलं आणि वहीत 'आक्रमक' असं लिहिलं. तो काय करत होता हे मला आजही सांगता येणार नाही, कारण मी दोन सेकंदसुद्धा पाहिलं नाही. माझ्याकडे शब्द तयार होता.

म्हणून सूक्ष्मदर्शींना विचारतो, सावध शब्द नेहमीच निर्दोष असतात का? टांझानियातल्या गोम्बेत १९६० पासून जेन गुडॉल चिंपांझींना क्रमांकांऐवजी नावं द्यायच्या, त्यावरही टीका झाली होती. आज कुठलाही अभ्यासक बिनदिक्कत नावं देतो.

पागोळी

तिठा, हे लिहिलंत त्याबद्दल आभार.

शब्दाचंच म्हणाल तर 'शुश्रूषा' का नको? संस्कृतात त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा'. समोरच्याला काय हवंय तिकडे कान लावून बसणं. उंदीर हुंगतो, चाटतो, प्रतिसाद येतो का पाहतो आणि समोरचा हलला की थांबतो. प्रथमोपचार म्हटलं की प्रशिक्षण आणि पेटी डोळ्यांसमोर येते, शुश्रूषेत ती अट नाही.

सूक्ष्मदर्शी

शुश्रूषा मला चालेल. तिठांच्या वहीबद्दलही मुद्दा मान्य. 'आक्रमक' हा शब्दसुद्धा माणसाचाच होता आणि तोही पुराव्याशिवाय लिहिला गेला. दोन्हीकडे सारखाच कडकपणा हवा.

पण 'प्रथमोपचार' म्हणायला मला एक प्रयोग हवा. श्वासमार्ग अडलेला आणि श्वासमार्ग मोकळा, असे दोन बेशुद्ध उंदीर समोर ठेवा. सोबत्याने अडलेल्याचीच जीभ ओढली तर मी माझं म्हणणं मागे घेईन.

रानवाट

त्याच्या जवळ जाणारी एक गोष्ट त्यांनी केलीय. तो गोळा तोंडाऐवजी शरीराच्या मागच्या बाजूला ठेवला, तर उंदरांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. नुसती परकी वस्तू काढायची असती तर तिथलीही काढली असती ना?

सूक्ष्मदर्शी

हा मुद्दा जड आहे. पण तोंड ते आधीच चाटत होते, गोळा त्या कामाच्या आड आला म्हणून काढला असेल.

रानवाट

असेल. पण मग ओळखीच्या सोबत्यासाठी ते अनोळखीपेक्षा जास्त का झटतात? गोळा तर दोघांच्याही तोंडात सारखाच आड येतो.