धंदा, पैसा, समाज : तुम्हाला खरं काही उमगलं ते कोणत्या पुस्तकामुळे?

रानजाई :
परवा आईकडे माळा काढताना आजोबांच्या दुकानाची १९५३ ची कीर्द, म्हणजे रोजच्या हिशेबाची वही, सापडली. लाल कापडी बांधणी, पानाच्या डोक्यावर श्री. एका ओळीत 'गोडेतेल अर्धा शेर, नावे'. पुढे दोन महिन्यांनी त्याच माणसाचे 'जोंधळे दोन पायल्या, जमा'. मी माळ्यावरच वाचत बसले. याच आजोबांनी मला अकरावीत त्रिं. ना. आत्र्यांचं 'गाव-गाडा' (१९१५) वाचायला लावलं होतं. हातात नाणं नसताना गाव कसं चालतं आणि बलुत्याचा, म्हणजे गावकामाच्या बदल्यात द्यायच्या धान्याचा, भार कुणब्यावर कसा पडतो, ते मला तिथे कळलं. पदवीची पुस्तकं नंतरची. तुमचं असं पुस्तक कोणतं?

काळीमाती :
'गाव-गाडा' वाचाच, पण आत्रे कुणब्याच्या बाजूने बघतात. माझी पणजी खळ्यावर बलुतं मागायला उभी राहायची. धान्य वरून पदरात टाकायचे, हात लागू नये म्हणून. ती बाजू दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) आहे. मला ते अर्थशास्त्राचंच पुस्तक वाटतं.

रानजाई :
पटलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचायला हवीत.

सांजवात :
पायली म्हणजे किती हो? सासूबाई अजून पायलीनेच बोलतात.

बांधावरून :
आमच्याकडे चार शेरांची. दोन अधोल्यांची एक पायली. गावागणिक फरक पडतो.
माझं उत्तर : आंबेडकरांचा १९१८ चा लहान शेतजमिनींवरचा निबंध. आमची अकरा एकर चार भावांत वाटली गेली, मोजणीवाला साखळी ओढत होता तेव्हा वडील बांधावर पाठ करून बसले होते. तुकडे नुसते जोडून भागत नाही, शेतीवरची जादा माणसं उद्योगात गेली पाहिजेत, असं त्यात मांडलंय. शंभर वर्षांपूर्वी! वाचून रात्रभर झोप नव्हती.

खिडकी_क्र_३ :
त्यांचंच रुपयावरचं पुस्तक (१९२३) बँकेच्या परीक्षेच्या वेळी घेतलं. जड आहे, सोडू नका. रुपयाची किंमत घसरली की मजुरी करणारा आधी मरतो, हे काउंटरवर बसून रोज दिसतं.

सांजवात :
जड नको, सोपं सांगा कुणीतरी. कुकर लावून वाचते मी.

खिडकी_क्र_३ :
मग अच्युत गोडबोल्यांचं 'अर्थात'. एकेक प्रकरण, एकेक शिटी.

सांजवात :
😀 चालेल!

पाणीवाला :
फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३). सगळे दारिद्र्याचं वर्णन लक्षात ठेवतात. मी पाणलोटाच्या कामात आहे, मला त्यातला ताली-बंधारे घालून माती आणि पाणी शेतात मुरवायचा उपाय भिडला. आम्ही आज शिवारात तेच करतोय. फुले स्वतः कंत्राटदार होते, त्यांना कामाचा हिशेब कळत होता.

बांधावरून :
पाणीवाला, कुठल्या तालुक्यात? आमच्या ओढ्याचं बघायचंय, व्यक्तिगत निरोप पाठवतो.

काळीमाती :
रानजाई, त्या जोंधळेवाल्याचं खातं मिटलं का?

रानजाई :
काल परत चढून पाहिलं. आषाढापर्यंत आहे, पुढची वही वाळवीने खाल्ली. आई म्हणते तो मुंबईला गिरणीत लागला, दिवाळीला आजोबांच्या नावे मनीऑर्डर यायची.