टेलिफोन बिलात न केलेले आयएसडी कॉल: संगणकातल्या डायलरमुळे आलेली रक्कम कशी नाकारावी?

कागदीहोडी:

कार्यालयाच्या लँडलाइनच्या ताज्या बिलात काही आयएसडी (परदेशी) कॉल लागले आहेत. देशांचे कोड २३९ (साओ टोमे) आणि ६७८ (वानुआतू). या देशांशी कुणाचाही संबंध नाही. सगळे कॉल कार्यालय सुरू असतानाच्या वेळेतले, आणि त्यांची रक्कम उरलेल्या पूर्ण बिलाच्या कितीतरी पट आहे.

या लाइनवर एक फोन आहे आणि विंडोज एक्सपीचा एक जुना संगणक. त्यात अंतर्गत मोडेम (संगणक फोनच्या लाइनला जोडणारा भाग) असून त्यावरून फॅक्स पाठवले जातात. इंटरनेट ब्रॉडबँडचं, वेगळ्या केबलने. 'नेटवर्क कनेक्शन्स'मध्ये एक अनोळखी डायल-अप (मोडेमने फोन लावून जोडणारं) कनेक्शन दिसतंय आणि डिफॉल्टची काळी खूण त्याच्यावरच आहे.

फोन कंपनीच्या मदत केंद्राचं उत्तर: "कॉल तुमच्याच लाइनवरून गेलेत, भरावेच लागतील." बिल भरायची मुदत जवळ आली आहे. विचारायचं ते असं:

१. इंटरनेट ब्रॉडबँडवर असताना संगणक फोन कसा लावू शकतो?
२. रक्कम नाकारता येते का? पत्रात नेमकं काय लिहायचं?
३. आधी अँटिव्हायरस चालवून संगणक साफ करावा का?

सूतगुंडी:

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही, अजिबात नको. साफसफाई केलीत की पुरावाही पुसला जाईल. आत्ता फक्त मोडेममधून टेलिफोनची वायर काढा. आणि पुरावा उतरवून घेईपर्यंत त्या संगणकावरून एकही फॅक्स पाठवू नका. कारण खाली देतो.

ब्रॉडबँड स्वतः कुठलाही नंबर फिरवत नाही, त्यामुळे फक्त ब्रॉडबँड असलेल्या संगणकावर डायलर, म्हणजे गुपचूप महागडे नंबर लावणारा प्रोग्राम, निरुपयोगी असतो. तुमच्याकडे मात्र डायलर ब्रॉडबँडवरून आला आणि कॉल लावायला त्याला फॅक्सचा मोडेम आयता मिळाला. जुन्या ब्राउझरमध्ये अ‍ॅक्टिव्हएक्सची (वेबपानावरून प्रोग्राम बसवण्याची सोय) परवानगी विचारणारी एखादी खिडकी उघडते, कुणीतरी 'येस' दाबतं, आणि छोटी एक्झी (प्रोग्रामची) फाइल उतरते. ती नवं डायल-अप कनेक्शन तयार करते, त्यालाच डिफॉल्ट करते, मोडेमचा स्पीकर बंद करते आणि परदेशी किंवा प्रीमियम (नेहमीपेक्षा बऱ्याच चढ्या) दराचा नंबर लावते. मोडेमची ओळखीची किरकिर ऐकूच येत नाही, म्हणून शेजारी बसलेल्यालाही पत्ता लागत नाही.

आता पुरावा. पेन ड्राइव्ह घ्या आणि याच क्रमाने जा.

मोडेम लॉग (मोडेमच्या कामाची नोंदवही): 'सी' ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये 'मोडेमलॉग' या शब्दाने सुरू होणारी टेक्स्ट फाइल असते. 'अपेंड टू लॉग'वर टिक नसेल तर मोडेम पुन्हा वापरला की ही फाइल नव्याने लिहिली जाते. फॅक्स पाठवू नका म्हटलं ते यासाठी. फाइलमध्ये 'एटीडीटी' ही डायल करण्याची आज्ञा शोधा. तिच्यापुढे नंबराऐवजी # च्या खुणा दिसतील, कारण विंडोज नंबर झाकून ठेवतं. तरी त्या खुणा मोजा. बिलातल्या नंबरात आयएसडीचा उपसर्ग धरून जेवढे अंक, तेवढ्याच खुणा असतील आणि वेळही जुळत असेल, तर ते भक्कम आहे.

फोनबुक (डायल-अप कनेक्शनांची यादी): 'रासफोन' नावाची पीबीके फाइल. 'ऑल यूजर्स'च्या 'अ‍ॅप्लिकेशन डेटा'मध्ये मायक्रोसॉफ्ट, नेटवर्क, कनेक्शन्स, पीबीके अशा क्रमाने फोल्डर उघडत जा. तिथे नसेल तर वापरकर्त्याच्या स्वतःच्या 'अ‍ॅप्लिकेशन डेटा'मध्ये बघा. नोटपॅडमध्ये उघडली की प्रत्येक कनेक्शनखाली 'फोननंबर' ही ओळ असते आणि तिथे नंबर उघडा दिसतो. 'स्पीकर'पुढे शून्य असेल तर आवाज मुद्दाम बंद केलेला होता. ही ओळ बिलातल्या नंबराशेजारी ठेवली की वेगळं काही समजवावं लागत नाही.

इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजने ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदी): 'सिस्टिम' लॉग पूर्ण सेव्ह करा. एक्सपीत मूळ सेटिंगला त्याची मर्यादा ५१२ केबी असते आणि ७ दिवसांपेक्षा जुन्या नोंदींवर नव्या नोंदी लिहिल्या जातात. म्हणजे जुने कॉल कदाचित आधीच गेले असतील. उरलंय ते आजच उतरवा.

शिवाय 'प्रीफेच' आणि 'डाउनलोडेड प्रोग्राम फाइल्स' या दोन फोल्डरांचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट घ्या. प्रीफेचमधून ती एक्झी शेवटची कधी चालली ते कळतं. संगणकाचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती मिनिटं पुढे-मागे आहे तेही लिहून ठेवा. नाहीतर कॉलची वेळ जुळत नाही एवढ्यावरून कंपनी सगळंच उडवून लावते.

जमलं तर पूर्ण हार्ड डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) काढून बाजूला ठेवा.

खडूफळा:

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. "आमच्याकडून कॉल झालाच नाही" असं चुकूनही लिहू नका. एक्सचेंजच्या (फोन कंपनीच्या कॉल जोडणाऱ्या केंद्राच्या) नोंदीत कॉल आहे. ते विधान खोटं ठरलं की पुढचं कुणी वाचत नाही. कॉल झाला हे मान्य करा, संमती होती हे नाकारा. साधारण असं:

"बिलातील पुढील कॉल आमच्या लाइनवरून गेल्याची नोंद आहे. ते कोणत्याही व्यक्तीने केलेले नसून, संगणकात परवानगीशिवाय शिरलेल्या डायलर प्रोग्रामने लावलेले आहेत. दर सांगितला गेलेला नाही आणि आम्ही तो स्वीकारलेला नाही. सबब ही रक्कम आम्ही विवादित म्हणून नोंदवत आहोत."

त्याखाली तक्ता: तारीख, वेळ, नंबर, कालावधी, रक्कम. प्रत्येक कॉल वेगळ्या ओळीत, शेवटी बेरीज. उरलेली, वाद नसलेली रक्कम करांसकट किती होते ते मांडा आणि मुदतीच्या आत तेवढी भरा. हे फार महत्त्वाचं. पूर्ण बिल थकवलंत तर तुम्ही साधे थकबाकीदार ठरता आणि लाइन तोडायला त्यांना निमित्त मिळतं. खात्यातून पैसे आपोआप वळते होत असतील तर ती सूचना आधी थांबवा.

पत्रात मागण्या स्पष्ट हव्यात: निकाल लागेपर्यंत विवादित रकमेची वसुली, विलंब शुल्क आणि सेवा तोडणं थांबवावं, कॉलचे पूर्ण तपशील द्यावेत, नंबर कुणाला दिलेला आहे ते सांगावं, आणि ही आकारणी कंपनीची स्वतःची की दुसऱ्या कुणासाठी केलेली, याचा लेखी खुलासा करावा. शेवटच्या मुद्द्यावर पुष्कळ काही ठरतं. प्रीमियम क्रमांकाच्या बाबतीत फोन कंपनी बहुधा दुसऱ्याचे पैसे गोळा करत असते, त्यामुळे ती रक्कम काढून टाकणं तिला तुलनेने सोपं जातं. आयएसडीत तिने परदेशी कंपनीला वाटा दिलेला असतो किंवा द्यायचा असतो. म्हणून ती अडून बसते.

पत्र पोचपावतीसह पाठवा. फोनवर तक्रार नोंदवली असेल तर तिचा क्रमांकही पत्रात घाला. पोलिसांच्या सायबर विभागात अर्ज देऊन त्याची प्रत जोडा.

आडवीरेघ:

खडूफळा यांनी सांगितलेला फरक कायद्यातही दिसतो. अमेरिकेत ९०० ने सुरू होणाऱ्या पे-पर-कॉल, म्हणजे प्रीमियम, क्रमांकांसाठी १९९३ पासून नियम आहे: पहिलं बिल पाठवल्यापासून ६० दिवसांत हरकत घ्यायची, आणि त्या रकमेपायी स्थानिक फोनसेवा तोडता येत नाही. साध्या आयएसडी कॉलना हे संरक्षण नाही. डायलरवाले परदेशी नंबरांकडे वळले त्यात या फटीचा मोठा वाटा आहे.

तरी आयएसडीचे पैसे परत मिळाल्याचं जुनं उदाहरण आहे. १९९७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मोल्दोव्हाला कॉल वळवणाऱ्यांवर कारवाई केली. चित्रं बघण्यासाठी म्हणून दिलेला प्रोग्राम स्पीकर बंद करून इंटरनेटसाठी लावलेला चालू कॉल तोडायचा आणि मोल्दोव्हाचा नंबर लावायचा. ब्राउझर बंद केला तरी कॉल सुरूच राहायचा. ३८,००० हून अधिक ग्राहकांना मिळून सुमारे २७ लाख डॉलर परत देण्याचं ठरलं.

जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा ४ मार्च २००४ चा निकालही पाहण्यासारखा आहे. तिथे घरातल्या मुलाने इंटरनेट वेगवान करणारा म्हणून एक प्रोग्राम घेतला होता. फाइल लगेच पुसली, पण बदललेलं डिफॉल्ट कनेक्शन तसंच राहिलं आणि प्रीमियम क्रमांकांचं बिल चढत गेलं. न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. या क्रमांकांतून फोन कंपनीचाही फायदा होतो, तेव्हा अशा लपलेल्या डायलरचा धोका ग्राहकाच्या माथी मारता येत नाही, असा त्याचा आशय.

हे निकाल दुसऱ्या देशात बंधनकारक नाहीत. तरी "लाइन तुमची म्हणजे जबाबदारी तुमची" या वाक्याला उत्तर म्हणून पत्रात दोन ओळी जरूर घाला.

कागदीहोडी:

सगळ्यांचे मनापासून आभार. फोनबुक फाइलमध्ये बिलातला २३९ चा नंबर जसाच्या तसा सापडला, आणि 'स्पीकर'पुढे शून्य आहे. कंपनी आता म्हणते, "आधी पूर्ण भरा, चौकशीत तथ्य आढळलं तर पुढच्या बिलात वळतं करू." असं करावं का?

खडूफळा:

स्थानिक नियमात आधी भरण्याची सक्ती नसेल तर भरू नका. पैसे हातात आले की चौकशीची घाई कुणालाच राहत नाही. सक्ती असेल तर "हक्क राखून, विवादाखाली भरणा" असं लिहून भरा आणि त्याची पोचपावती घ्या. पहिल्या पत्राला नकार आला तर तो लेखी मागा. वरच्या अपिलाला आणि नियामकाकडे जायला तोच कागद लागतो. क्वचित असंही होतं की फोन कंपनी रक्कम काढते आणि मग नंबरचा मालक वसुली एजंटामार्फत स्वतंत्र मागणी पाठवतो. त्यालाही तेच पत्र द्या आणि संमतीचा पुरावा मागा: कोणत्या वेळी, कोणत्या आयपी पत्त्यावरून, दर दाखवणारा कोणता पडदा.

सूतगुंडी:

स्पीकर शून्य सापडलं हे उत्तम. त्या फाइलचा प्रिंट पत्राला जोडा आणि नंबराच्या ओळीखाली रेघ मारा.

आता त्या लाइनवर आयएसडी आणि प्रीमियम दोन्ही सेवा एक्सचेंजकडून बंद करून घ्या. संगणकातली सेटिंग डायलर पुन्हा बदलू शकतो, एक्सचेंजमधली बंदी त्याला उठवता येत नाही. बंदीच्या अर्जाची तारीखही पत्रात येऊ द्या. इमेज काढून झाली असेल तर संगणक साफ करायला हरकत नाही, पण नुसती एक्झी पुसून थांबू नका. अनोळखी कनेक्शन काढा, रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातल्या) 'रन' यादीत, म्हणजे संगणक सुरू होताच आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांत, तिचं नाव उरलंय का ते बघा, आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर कनेक्शन परत उगवलं तर सरळ विंडोज नव्याने टाका. फॅक्स झाला की मोडेमची वायर काढून ठेवायची. एक्सपीला सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, तेव्हा त्या संगणकाची ब्रॉडबँडची केबलही काढलेलीच बरी.