स्पेनच्या किनाऱ्यावर घर: मालागाच्या पूर्वेला की आलिकांतेच्या दक्षिणेला?

लिंबोणी
आम्ही दोघं इंग्लंडमध्ये असतो, पासपोर्ट ब्रिटिश. नवरा लवकरच निवृत्त होतोय. ऑक्टोबर ते मार्च इथला काळोख आता सोसवत नाही, म्हणून स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर दोन बेडरूमचं घर घ्यायचं चाललंय. बजेट दोन लाख युरोच्या आसपास. मित्रमंडळी सगळी आलिकांतेच्या दक्षिणेच्या तोर्रेविएखाकडे बोट दाखवतात, कारण तिथे घरं स्वस्त. माझं मत नेमकं उलटं आहे.

किनारा कुठला ते नंतर ठरवावं, आधी गाव बघावं. जानेवारीत शाळा भरलेली, मंडई चालू आणि औषधाचं दुकान उघडं असेल असं गाव. आलिकांतेच्या दक्षिणेला ज्या नव्या वसाहती पाहिल्या तिथे हिवाळ्यात एका गल्लीत दोन घरांत दिवा. बाकी सगळ्या खिडक्यांची प्लॅस्टिकची शटरं खाली आणि त्यांच्या पट्ट्यांत वाळू साचलेली. म्हातारपणी तिथे कुणाशी बोलायचं?

मला मालागाच्या पूर्वेचं आल्मुन्येकार आवडलंय, ते नाही तर तिकडचंच तोर्रे देल मार. मागचे डोंगर उत्तरेचा वारा अडवतात, म्हणून तिथे चिरिमोया पिकतं, आपल्या सीताफळाचा भाऊबंद. आंबासुद्धा होतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात. शिवाय जुन्या घरावरचा हस्तांतरण कर ही गावं ज्या आंदालुसियात येतात तिथे 7 टक्के, आलिकांते ज्या व्हॅलेन्सिया प्रदेशात येतं तिथे इतकी वर्षं 10 (जून 2026 पासून तो 9 करायचा कायदा झालाय). दोन लाखांच्या घरावर 7 आणि 10 मधला फरक सहा हजार युरो होतो. जाणकारांनी मतं द्या, विरोधातली आधी द्या.

खारवा
विरोधातलं माझं. तोर्रेविएखात आमचं घर आहे, वर्षातले काही महिने तिथेच असतो. तुम्ही वसाहती पाहिल्यात, गाव पाहिलं नाहीत. गावात सरकारी हॉस्पिटल आहे, शुक्रवारचा मोठा बाजार भरतो, मिठागराचं गुलाबी तळं आहे आणि संध्याकाळी समुद्राकाठच्या रस्त्यावर चालायला पाऊल ठेवायला जागा नसते. निम्म्याच्या आसपास रहिवासी परदेशी आहेत, त्यामुळे भाषेवाचून अडत नाही.

दुसरं, गुडघे. तोर्रेविएखा सपाट आहे. आल्मुन्येकारचं जुनं गाव किल्ल्याखालच्या टेकडीवर, पायऱ्याच पायऱ्या. सत्तरीनंतर किराण्याच्या पिशव्या घेऊन तो चढ चढून दाखवा. आणि करात सहा हजार वाचवून घरामागे तीस-चाळीस हजार जास्त मोजायचे, हा हिशोब मला पटत नाही.

स्थापत्यकर
खारवा, गावाबद्दलचं म्हणणं मान्य, पण त्या पट्ट्यात घर घेताना पाण्याचं कुणी बोलत नाही. सप्टेंबर 2019 मध्ये सेगुरा नदीचा बांध फुटला आणि ओरिउएलापासून खालचा सगळा सखल भाग पाण्यात गेला. आणखी दक्षिणेचं, मार मेनोर खाजणाकाठचं लोस अल्काथारेस 2016 च्या डिसेंबरात बुडालं, 2019 ला पुन्हा बुडालं. त्या खाजणात 2019 आणि 2021 साली मेलेल्या माशांचा खच किनाऱ्याला लागला. शेवटी 2022 मध्ये कायदा करून त्याला स्वतंत्र कायदेशीर व्यक्तीचा दर्जा द्यावा लागला. एजंटच्या माहितीपत्रकात यातलं अक्षर नसतं.

29 ऑक्टोबर 2024 ला व्हॅलेन्सियाजवळ पुरात दोनशेहून जास्त माणसं गेली. त्यातल्या कित्येक ठिकाणी त्या दुपारी पाऊस पडतही नव्हता, पाणी वरून कोरड्या ओढ्यांतून आलं. या ओढ्याला तिकडे रांब्ला म्हणतात. वर्षानुवर्षं कोरडा असतो, त्यात लोक गाड्या लावतात. पत्त्यात रांब्ला दिसला की थांबा. सरकारचा पूर-नकाशा इंटरनेटवर फुकट आहे, घराचा पत्ता त्यावर टाकून बघा. तोर्रेविएखाचं मूळ गाव त्यामानाने बरं, आतला सखल भाग वाईट.

आणि लिंबोणी, तुमच्या आंब्यांचीही दुसरी बाजू आहे. त्या भागाला पाणी देणारं ला विन्युएला धरण 2023 च्या अखेरीस दहा टक्क्यांच्याही खाली गेलं होतं, तोर्रे देल मार ज्यात येतं त्या वेलेस-मालागात रात्रीचा पुरवठा बंद ठेवत होते. मार्च 2025 च्या पावसाने ते बरंच सावरलं. पण आंबा आणि अव्होकाडोच्या बागांची तहान आहेच.

कोथरूडकर
आमचा पासपोर्ट भारतीय. पाच लाख युरोंचं घर घेतलं की राहण्याचा परवाना मिळतो असं ऐकलं होतं. अजून मिळतो का?

वेंगुर्लेकर
@कोथरूडकर, नाही. 2013 पासून ती सोय होती, 3 एप्रिल 2025 ला बंद झाली. आता घर कितीही महाग घ्या, राहण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. भारतातून पैसे पाठवायची मर्यादाही आहे: माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर.

लिंबोणीताई, तुमचाही मुद्दा इथेच अडतोय. ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश पासपोर्टवर कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. ऑक्टोबर ते मार्च म्हणजे त्याच्या दुप्पट. त्यासाठी नोकरी न करण्याच्या अटीवरचा रहिवास व्हिसा काढावा लागेल, ठरावीक उत्पन्न दाखवून. आणि तिथे वर्षात 183 दिवसांहून जास्त राहिलात की तुम्ही स्पेनचे करदाते. मग भारतातला फ्लॅट किंवा इंग्लंडच्या बँकेतल्या ठेवी, एका प्रकारची मालमत्ता 50 हजार युरोंच्या वर गेली की तिकडच्या कर खात्याला कळवायची. आधी हे सोडवा, गाव नंतर.

आम्ही कोकणातले, किनारा नियमन क्षेत्राच्या रेषेने किती घरं अडकली ते पाहिलंय. स्पेनचा किनारा कायदा 1988 चा, तोही कडक. समुद्राला अगदी लागून असलेलं घर सार्वजनिक किनारपट्टीच्या हद्दीत येत नाही ना, ते वकिलाकडून लेखी घ्या. आल्मेरिया प्रांतातलं अल्गार्रोबिको हॉटेल बघा: वीसेक मजल्यांचं, 2006 मध्ये कोर्टाने काम थांबवलं, एकही पाहुणा न उतरता वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्यांत पडून. मालागामागच्या डोंगरात शेतजमिनीवर बांधलेली बेकायदा घरं तर हजारोंनी आहेत. वकील एजंटने सुचवलेला नको. आमच्या नात्यात एकांनी तसा घेतला आणि आधीच्या मालकाची सोसायटीची थकबाकी त्यांच्या गळ्यात पडली.

मालागावासी
मी मालागात नोकरी करतो, भाड्याने राहतो, आणि मला हा सगळा धागाच खटकतोय. जून 2024 मध्ये इथे हजारो लोक रस्त्यावर उतरले, कारण या शहरात जन्मलेल्यांना शहरात राहणं परवडत नाही. माझ्या ऑफिसातल्या मुली पस्तिशीत आईवडिलांकडे राहतात. जानेवारी 2025 मध्ये पंतप्रधान सांचेस यांनी युरोपीय संघाबाहेरच्या अनिवासी खरेदीदारांवर किमतीच्या 100 टक्क्यांपर्यंत कर सुचवला, तो या रागातूनच आला. वर्षातून तीन महिने उघडणारं घर चालत्या गावात घेणं म्हणजे त्या गावातल्या एका कुटुंबाची जागा अडवणं. लिंबोणी, तुम्हाला जिवंत गाव हवंय ना? ते असंच मरतं.

लिंबोणी
मालागावासी, हे मला लागलं, आणि मी ते टाळणार नाही. आम्ही पर्यटकांना भाड्याने देणार नाही, हे नक्की. पण नऊ महिने बंद ठेवणंही योग्य नाही, हे पटतंय. तरी ओसाड वसाहतीत जाणं हा त्यावरचा उपाय मला वाटत नाही. त्या वसाहतींनीही कुणाची तरी शेतं आणि पाणी घेतलंच. रहिवास व्हिसा काढून वर्षभर तिथेच राहायचं, असं आता बोलतोय. खरेदीची घाई नाही.

मालागावासी
वर्षभर राहणार असाल तर माझी काहीच तक्रार नाही, या. मग फुएन्खिरोलाही बघा. तिथून मालागाला लोकल आहे, वाटेत विमानतळावर थांबते. आल्मुन्येकारला रेल्वे नाही, तोर्रेविएखालाही नाही. गाडी चालवणं बंद होईल तेव्हा याची किंमत कळेल.

खारवा
फुएन्खिरोलात दोन लाखांत काय मिळतं तेही सांगा की! लिंबोणी, माझं म्हणणं तेच आहे, तोर्रेविएखा गाव, वसाहत नव्हे. पण कुठेही घ्या, आधी डिसेंबर-जानेवारी त्याच गावात भाड्याने काढा. या घरांत फरशी थंडगार, हीटिंग बहुधा नसतं, आणि उत्तरेकडच्या खोलीतल्या कपाटामागे बुरशी चढते. बाहेर दुपारी 17 अंश ऊन असताना आत स्वेटर घालून बसावं लागतं. दक्षिणेला तोंड असलेलं घर बघा, त्यासाठी वीस हजार जास्त गेले तरी द्या.