मदत हवी आहे: विचीच्या आयुक्तांना कुणी पत्र लिहिलंय का?

नमस्कार मंडळी, आम्ही कोलोरॅडोत राहतो. लेक बारावीला आहे, तिला शेजारच्या राज्यात शिकायचंय. विची (WICHE) म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांचा उच्चशिक्षणासाठीचा संयुक्त आयोग. त्याच्या सवलतीत अशा मुलांना स्थानिक फीच्या फार तर दीडपट फी पडते, आमची सगळी भिस्त त्यावरच होती. पण एका कॉलेजने नेमका तिचाच विषय सवलतीतून वगळलाय. ते ईमेल वाचून पोर ताटावरून उठून गेली. विषय कुठले, जागा किती, हे कॉलेज ठरवतं, कबूल. पण विचीच्या आयोगावर प्रत्येक राज्याचे तीन आयुक्त असतात, गव्हर्नरने नेमलेले. पालकांचं म्हणणं त्यांच्या कानावर जायलाच हवं. कुणी लिहिलंय का त्यांना? आपल्या राज्याच्या आयुक्तांना लिहावं, की कॉलेज आहे त्या राज्याच्या?