दुखत नाही म्हणून थांबू नये

तोंडातला चट्टा दुखत नसेल तर काळजी नको, असे अनेकजण म्हणतात; ते मला पटत नाही, कारण तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. इंदूरला रामबागेत आमच्या शेजारच्या काकांना, सुपारीची जुनी सवय असलेल्यांना, पाणीपुरी तोंडात घेता येईनाशी झाली; उभी तीन बोटे आत जात नव्हती आणि गालाची आतली बाजू पांढरट, दोरीसारखी ताठ लागत होती. (ही सुपारीमुळे होणारी, पुढे कर्करोगात बदलू शकणारी अवस्था; तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारकच आहे.) तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, पुसला न जाणारा पांढरा किंवा त्याहून धोक्याचा लाल चट्टा, बसलेला आवाज, मानेतली गाठ, एकाच कानातली ठणक, यांपैकी काहीही आढळल्यास मलमे बदलत न बसता कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.