अनुभव धागा: अभियांत्रिकीच्या मुलांना कामावरचं बोलणं-लिहिणं शिकवताना

नमस्कार मंडळी,

इथे बरेच जण अभियांत्रिकीच्या किंवा तंत्रशिक्षणाच्या मुलांना शिकवतात. काही जण अशा मुलांना नोकरीवर घेतात आणि हाताखाली तयार करतात. दोन्हीकडून एकच तक्रार कानावर येते: मुलाला विषय येतो, पण सांगता येत नाही.

त्यासाठी अभ्यासक्रमात 'कम्युनिकेशन स्किल्स' असतं. स्वतःची ओळख, गटचर्चा, बायोडेटा, मुलाखत. मी हा विषय बरीच वर्षं शिकवते आहे आणि माझं स्पष्ट मत आहे की यातलं बहुतेक नोकरी मिळेपर्यंतच उपयोगी पडतं. रुजू झाल्यावर लागतं ते निराळंच. काम अडलंय हे कुणाला आणि कधी कळवायचं, आपल्याला दिसलेला धोका वरिष्ठांपर्यंत कसा पोचवायचा, बैठकीत काय ठरलं ते कसं लिहून ठेवायचं, आपल्या शाखेबाहेरच्या माणसाला आपलं काम कसं समजवायचं. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणारा वॉशिंग्टन अकॉर्ड १९८९ सालचा. त्यात पदवीधराकडून अपेक्षित असलेल्या गुणांमध्ये संवादाला स्वतंत्र जागा आहे. म्हणजे गरज सगळ्यांना मान्य आहे, प्रश्न आहे तो शिकवायचं कसं याचा.

म्हणून हा धागा. तुम्ही नेमकं काय करून घेतलंत आणि मुलांनी प्रत्यक्षात काय केलं, ते लिहा. 'आत्मविश्वास वाढवा' यासारखे सल्ले नकोत.

सुरुवात मी करते.

अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातला अपघात २८ मार्च १९७९ चा. त्याआधी, सप्टेंबर १९७७ मध्ये, त्याच कंपनीची अणुभट्टी असलेल्या दुसऱ्या एका केंद्रात जवळपास तसाच प्रसंग येऊन निभावला होता. झडप उघडीच अडकली होती आणि चालकांनी आणीबाणीत थंड पाणी सोडणारी यंत्रणा वेळेआधीच बंद केली होती. कंपनीतल्या एका अभियंत्याने धोका ओळखला आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये अंतर्गत पत्र लिहिलं: ही यंत्रणा कधी बंद करायची नाही, ते चालकांना सांगा. पत्र या विभागातून त्या विभागात गेलं. ऑगस्टमध्ये त्यावर आणखी एक पत्र निघालं. त्यात मूळ इशारा जोडपत्रात होता आणि मजकुरात होते ते तांत्रिक प्रश्न. वरवर वाचणाऱ्याला ते रोजच्या कामातलं एक पत्र वाटावं. अपघात होईपर्यंत चालकांना सूचना गेलीच नाही.

पुढे काय झालं हे न सांगता मी मुलांना चारपाच पत्रं देते, त्यात ऑगस्टचं हे पत्रही असतं. तुमच्या टेबलावर ही आली आहेत, दुपारपर्यंत एकच हाताळायला वेळ आहे, कुठलं घ्याल? ऑगस्टचं पत्र जवळजवळ कुणीच उचलत नाही. मग मी घटना सांगते आणि पत्र नव्याने लिहायला देते.

खरी गोष्ट यापुढे आहे. सगळं माहीत असूनही बहुतेक मुलं पुन्हा पार्श्वभूमीपासूनच सुरुवात करतात. अमुक तारखेला अमुक केंद्रात अमुक घडले. धोका येतो शेवटच्या परिच्छेदात. विचार करता करता लक्षात आलं की हे आपणच त्यांना शिकवलेलं आहे. प्रयोगाचं जर्नल आठवा: उद्देश, साहित्य, सिद्धांत, कृती, निरीक्षणं आणि अगदी शेवटी निष्कर्ष. जर्नल तपासणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं, त्याला फक्त मुलाला येतंय का ते बघायचं असतं. नोकरीत वाचणाऱ्याला उत्तर ठाऊक नसतं आणि वाचून झाल्यावर त्याला काहीतरी करायचं असतं. इतकी वर्षं पहिल्या प्रकारच्या वाचकासाठी लिहिलेल्या मुलाला दुसरा वाचक कधी भेटलेलाच नसतो. त्यामुळे आता मी प्रत्येक लेखनकामाच्या वर दोन ओळी भरून घेते: हे कोण वाचणार आहे, आणि वाचून तो काय करणार आहे. त्या भरता आल्या नाहीत तर पुढचं लिहायचंच नाही.

आता तुम्ही लिहा.

प्रतिसाद: सॉफ्टवेअर टीम लीड

धागाकर्तीशी सहमत. आमच्याकडे नवीन मुलं येतात तेव्हा त्यांच्या कोडपेक्षा त्यांच्या मेसेजची मला जास्त काळजी असते. ठरलेला नमुना असा: 'हॅलो सर'. मग शांतता. मी 'बोल' म्हटल्यावर 'सर, एक डाउट होता'. पुन्हा शांतता. त्यात मुलाचा अर्धा दिवस जातो. हा संकोच आहे, आळस नव्हे. मोठ्यांना थेट कामाचं विचारणं त्याला उद्धटपणा वाटतो.

मी पहिल्याच आठवड्यात सांगतो की एकाच मेसेजमध्ये चार गोष्टी लिही. काय करायचा प्रयत्न होता, काय होईल असं वाटलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, आणि माझ्याकडून काय हवंय. एररचा स्क्रीनशॉट नको, मजकूर कॉपी कर, म्हणजे शोधता येतो. सगळ्यात अवघड चौथी गोष्ट जाते. मदत हवी आहे इतकं कळतं, पण निर्णय हवाय, परवानगी हवीय, की नुसतं सोबत बसून बघायला कुणी हवंय, हे ठरवायची सवय नसते. गंमत म्हणजे हे चार मुद्दे लिहिता लिहिता पुष्कळदा त्यालाच उत्तर सापडतं आणि मेसेज पाठवावाच लागत नाही.

दुसरा सराव बग रिपोर्टचा, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक लिहून कळवण्याचा. एकाने रिपोर्ट लिहायचा आणि दुसऱ्याने लेखकाला एकही प्रश्न न विचारता तो बग स्वतःच्या मशीनवर घडवून दाखवायचा. 'लॉगिन चालत नाहीये' एवढ्यावर काय होतं ते मुलांना आपोआप दिसतं. कुठलं व्हर्जन, कुठला ब्राउझर, कुठल्या क्रमाने बटणं दाबली, हे मला सांगावं लागत नाही. समोर बसलेला मित्र हताश होऊन बघत असतो, त्याचा चेहरा पुरतो.

प्रतिसाद: पदविका शिकवणारे सर

माझा अनुभव थोडा वेगळा आहे आणि तो इथे आग्रहाने मांडतो. आमच्याकडची कितीतरी मुलं मातृभाषेतून शिकून आलेली असतात. ती वर्गात गप्प असतात आणि त्यांच्या नावापुढे 'कम्युनिकेशन कच्चं' असा शेरा पडतो. हा शेरा मला मान्य नाही. इंग्रजी कच्चं असणं आणि संवाद कच्चा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाडफाड इंग्रजी बोलणारी मुलंही मुद्दा सोडून तासभर बोलू शकतात.

मी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हॉटेलातली १९८१ ची दुर्घटना घेतो. हॉटेलच्या दालनात एकावर एक झुलते पूल होते. मूळ आराखड्यात छतापासून निघालेल्या सलग सळ्या दोन्ही पुलांना धरणार होत्या. बनवताना बदल झाला: एक सळी छतापासून वरच्या पुलापर्यंत, आणि दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. कागदावर फरक किरकोळ दिसतो. पण आता वरच्या पुलाच्या जोडावर दोन्ही पुलांचा भार आला, म्हणजे जवळपास दुप्पट. बदललेल्या ड्रॉइंगला मंजुरी मिळाली, जोडाचा हिशेब मात्र नव्याने कुणी केला नाही. ११४ माणसं गेली.

मुलांनी हे एकमेकांना समजवायचं. भाषा कुठलीही चालेल, पण कागदावर आकृती काढूनच, आणि ऐकणाऱ्याने शेवटी 'भार कुठे वाढला' ते बोटाने दाखवायचं. एरवी तोंड न उघडणारी मुलं इथे उभी राहतात, बाण काढतात, समोरच्याला 'थांब, तू चुकीचा जोड दाखवतोयस' म्हणतात. विचार असा स्वच्छ बसला की मग तेच पाच ओळींत इंग्रजीत लिहायचं. आधी विचार, मग इंग्रजी. उलट क्रमाने गेलं की मुलं पाठ केलेली वाक्यं जोडत बसतात.

प्रतिसाद: कारखान्यात देखभाल विभाग सांभाळणारी अभियंता

शिफ्ट बदलताना काय सांगितलं जातं आणि काय राहून जातं यावर आमचं सगळं अवलंबून असतं. प्रशिक्षणार्थींना 'समजलं का?' विचारलं की उत्तर कायम 'हो मॅडम'. हा प्रश्नच मी बंद केला. आता म्हणते, 'मी काय सांगितलं ते तुझ्या शब्दांत सांग.' वैमानिक विमानतळावरच्या नियंत्रकाची सूचना परत उच्चारून दाखवतात, तेच हे.

मुलांना हे पोरकट वाटू नये म्हणून स्पेनच्या तेनेरीफ बेटावरच्या विमानतळाच्या धावपट्टीवरचा २७ मार्च १९७७ चा अपघात सांगते. दोन जंबो विमानं धडकली, ५८३ मृत्यू. ऐन मोक्याच्या क्षणी दोन संदेश रेडिओवर एकाच वेळी गेले आणि एकमेकांत बुडाले. ज्याने ऐकायला हवं होतं त्याला नीट ऐकूच आलं नाही. कारखान्यातला गोंगाट ज्याने अनुभवलाय त्याला यापुढे काही समजवावं लागत नाही.

प्रतिसाद: गेल्या वर्षी नोकरीला लागलेला विद्यार्थी

मला कॉलेजातलं एकच काम आजही उपयोगी पडतंय. शेवटच्या वर्षीच्या प्रोजेक्टचं सादरीकरण आमच्या मॅडमनी प्राध्यापकांऐवजी कॉलेजच्या लेखा विभागातल्या कर्मचाऱ्यांसमोर ठेवलं होतं. पाण्याच्या टाकीची पातळी मोजणारी यंत्रणा होती आमची. आम्ही सेन्सर, मायक्रोकंट्रोलर, अचूकता यावर तयारी करून गेलो. पहिलाच प्रश्न आला: 'हे बंद पडलं तर आम्हाला कळणार कसं?' आमच्या यंत्रणेत त्याची सोयच नव्हती. सेन्सर मेला तरी पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहिला असता. त्या प्रश्नामुळे आम्ही डिझाइन बदललं.

प्रतिसाद: विभागप्रमुख

हे सगळं वाचायला छान वाटतंय, पण एका वर्गात साठ-सत्तर मुलं असताना प्रत्येकाचं लेखन तपासायचं कुणी? विषय शिकवणारे म्हणतात हे भाषेच्या शिक्षकांचं काम, भाषेचे शिक्षक म्हणतात आम्हाला तांत्रिक मजकूर कळत नाही. दोघांचंही खरं आहे.

धागाकर्ती

सर, रास्त प्रश्न. मी पूर्ण अहवाल तपासत नाही. पहिला परिच्छेद तेवढा वाचते. तेवढ्यावरून काय करायचं ते कळलं तर पूर्ण गुण, नाही कळलं तर कागद परत, एक संधी. एका कागदाला मिनिटभराच्या आसपास लागतं. आणि तांत्रिक विषयाच्या सरांना भाषा तपासायला मी सांगतच नाही. 'हे वाचून तुम्ही यंत्र चालू केलं असतं का?' एवढंच त्यांना विचारते. त्याचं उत्तर माझ्यापेक्षा तेच नेमकं देतात.

प्रतिसाद: निवृत्तीच्या जवळ आलेला डिझाइन अभियंता

धाग्यात एक बाजू राहतेय. आपण सगळे लहानांनी कसं सांगावं ते शिकवतोय. ऐकणाऱ्याचं काय?

अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान २८ जानेवारी १९८६ ला उड्डाणानंतर लगेच कोसळलं. आदल्या रात्रीच्या टेलिकॉन्फरन्समध्ये यानाला वर ढकलणारे रॉकेट म्हणजे बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी थंडीत त्यांच्या जोडांमधल्या रबरी कड्या दगा देतील असं सांगून ५३ अंश फॅरनहाइटच्या खाली उड्डाण नको अशी शिफारस केली होती. त्यांचे तक्ते अधिक नेटके असते तर बरं झालं असतं हे खरं, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण त्यांनी सांगितलं होतं. मग कंपनीच्या वरिष्ठांनी फोन बाजूला ठेवून आपसात चर्चा केली आणि शिफारस फिरवली. हा प्रसंग मुलांना फक्त 'स्पष्ट बोला' म्हणून शिकवणं मला अन्यायाचं वाटतं. उद्या हीच मुलं त्या खुर्चीत बसणार आहेत.

म्हणून मी पाहुणा म्हणून शिकवायला जातो तेव्हा भूमिका वाटून देतो आणि अर्ध्यावर त्या उलट करतो. आधी जो वाईट बातमी घेऊन आला होता तो आता साहेब होतो. साहेबाला नियम एक: निर्णय सांगायच्या आधी दोन प्रश्न विचारायचेच. 'तुला हे कशावरून वाटतं?' आणि 'काय दिसलं तर तुझं मत बदलेल?' खुर्चीत बसल्यावर मघाचा कळवळून बोलणारा मुलगासुद्धा घड्याळाकडे बघायला लागतो, मधेच तोडतो. बाकीचा वर्ग ते टिपून ठेवतो आणि नंतर त्याच्यासमोर वाचतो. त्यानंतर जी चर्चा होते तिला मला काही भर घालावी लागत नाही.

अडचण मूल्यमापनाची आहे. बोलणाऱ्याला गुण देता येतात, ऐकणाऱ्याला कसे द्यायचे हे मला अजून नीट जमलेलं नाही. सध्या मी एवढंच बघतो की 'साहेबा'ने शेवटी समोरच्याचा मुद्दा त्याला मान्य होईल अशा शब्दांत परत मांडला का. कुणी याहून चांगली पद्धत वापरून पाहिली असेल तर तपशिलात लिहा, पुढच्या सत्राच्या आधी मला ती हवी आहे.